गुंठ्याएवढा ठिपका : उपग्रहाच्या चित्रातून पाणी आणि पीक कसं वाचावं

उन्हाळ्यात एके दिवशी पेपरात बातमी येते, 'उजनी शून्यावर'. त्याच आठवड्यातलं उपग्रहाचं चित्र उघडलं तर धरणाच्या भिंतीमागे मैलोन्‌मैल पाणी पसरलेलं दिसतं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, चित्र जुनं असणार. तारीख तपासली, ती बरोबर होती. बातमीही खरी होती.

उलगडा आकड्यांत होता. उजनीत एकूण ११७.२३ टीएमसी पाणी मावतं (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). त्यातलं ६३.६६ टीएमसी मृत साठ्यात, म्हणजे एरवी वापरात न धरल्या जाणाऱ्या तळच्या पाण्यात जातं आणि टक्केवारी मोजतात ती उरलेल्या ५३.५७ टीएमसीवर. म्हणजे उजनी 'शून्यावर' येते तेव्हा धरण निम्म्याहून जास्त भरलेलं असतं. 'उणे ५० टक्के' म्हणजे मृत साठ्यातलंही जवळपास २७ टीएमसी उपसलेलं, तरी ३६-३७ टीएमसी खाली शिल्लक. चित्र मला पाण्याचा पसारा सांगत होतं, बातमी हक्काने वापरता येणारं पाणी सांगत होती, आणि मी दोन्हींची सरमिसळ करत बसलो होतो.

उपग्रहाच्या चित्रांशी नव्याने ओळख होणाऱ्या बहुतेकांचा असाच घोटाळा होतो. चित्र समोर येतं, डोळे दिपतात, आणि ते नेमकं काय सांगतंय हे विचारायचं राहून जातं. म्हणून हा लेख. उदाहरण उजनीचं घेतलंय, कारण गेली काही वर्षं मी त्याच पाण्यावर नजर ठेवून आहे. तुम्ही तुमचं धरण, गावचा पाझर तलाव किंवा तालुका घ्या. संगणक, बरं इंटरनेट, एक वही आणि दोन मोकळ्या संध्याकाळी एवढं पुरे. मोबाइलवरही जमतं, पण बोटाने नकाशा सरकवता सरकवता जीव मेटाकुटीला येतो.

आधी ठिपका समजून घ्या

उपग्रहाचं चित्र म्हणजे ठिपक्यांची चौकट. एका ठिपक्यात जमिनीचा केवढा तुकडा मावतो, यावर सगळं अवलंबून असतं. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रात मुख्य रंगांचा ठिपका १० मीटर बाय १० मीटरचा असतो. म्हणजे १०० चौरस मीटर. आता आपला सातबारा काढा. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं आणि एक आर म्हणजे बरोबर १०० चौरस मीटर. गुंठा त्याहून किंचित मोठा, १०१ चौरस मीटरच्या आसपास. थोडक्यात, सेंटिनेलचा एक ठिपका म्हणजे तुमचा एक गुंठा आणि एक एकर म्हणजे साधारण ४० ठिपके. हा योगायोग मला फार आवडतो. एरवी रुक्ष वाटणारं तांत्रिक माप एकदम घरचं होऊन जातं.

अमेरिकेच्या लँडसॅटचा ठिपका ३० मीटरचा, म्हणजे नऊ आर. भारताच्या रिसोर्ससॅटवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा २३.५ मीटरचा, लिस-४ चा ५.८ मीटरचा. गूगल अर्थमध्ये गोठ्याचं छप्पर आणि अंगणातला ट्रॅक्टरही दिसतो, कारण ती चित्रं व्यावसायिक उपग्रहांची आणि विमानांची असतात. मात्र ती शिवून केलेल्या गोधडीसारखी असतात. एक तुकडा मागच्या वर्षीचा, शेजारचा चार वर्षांपूर्वीचा. उजनीच्या एका काठाला पावसाळा आणि दुसऱ्या काठाला उन्हाळा, असंही तिथे दिसू शकतं.

तेव्हा नियम सोपा आहे. घर, विहीर, रस्ता ओळखायचा असेल तर गूगल अर्थ. पाणी किती पसरलं, पीक कधी हिरवं झालं, कधी वाळलं, हे पाहायचं असेल तर ठिपका मोठा चालेल, पण तारीख पक्की हवी. अशा वेळी सेंटिनेलसारखा सोबती नाही.

पहिली पायरी : प्रश्न वहीत लिहा

'माझं गाव वरून कसं दिसतं' हा प्रश्न नव्हे, ती हौस झाली. हौसही भागवा, अर्धा तास त्यातच जातो. मग वहीत असा प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर जागा आणि तारीख यांत देता येईल. उदाहरणार्थ : मे २०२४ मध्ये उजनीचं पाणी कुठवर मागे सरलं होतं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कुठवर आलं? २०२३ चा पाऊस तोकडा पडला, पुढच्या उन्हाळ्यात धरण उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं, आणि २०२४ च्या पावसाळ्यात पूर्ण भरलं. इतका मोठा फरक एकाच वर्षात पाहायला मिळणं शिकणाऱ्यासाठी पर्वणी आहे.

पण ही जोडी एकाच वर्षातली चढउतार दाखवते, वर्षावर्षांतला बदल नाही. 'पाणी दरवर्षी कमी होतंय का' असा प्रश्न असेल तर मेची तुलना मेशीच करायची. उन्हाळ्याचं आणि पावसाळ्यानंतरचं चित्र शेजारी ठेवून 'बघा, काय होतं आणि काय झालं' असं म्हणणारी चित्रं व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतात. तारीख लिहिलेली नसेल तर तसं चित्र पुढे पाठवू नका.

दुसरी पायरी : जागा गाठा

संगणकावर 'कोपर्निकस ब्राउझर' शोधून उघडा. युरोपीय संघाच्या कोपर्निकस कार्यक्रमाचं हे खुलं दालन आहे. चित्रं पाहायला पैसे लागत नाहीत. मूळ फाइल उतरवायची असेल तर ईमेल देऊन खातं काढावं लागतं, तेही फुकट.

शोधपट्टीत 'उजनी' लिहिलंत तर फसाल. या नावाची गावं एकाहून जास्त आहेत. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातली उजनी बासुंदीसाठी प्रसिद्ध आहे, तिथे धरण शोधून सापडायचं नाही. म्हणून अक्षांश-रेखांश टाका : १८.०७, ७५.१२. भीमेवरच्या धरणाची भिंत समोर येईल. आपल्या गावचे आकडे हवे असतील तर मोबाइलच्या नकाशात गावावर बोट दाबून धरा, ते दिसतात. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. उलटे टाकले तर भलत्याच ठिकाणी उतराल.

भारतीय पर्याय म्हणजे 'भुवन'. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने चालवलेलं हे इस्रोचं संकेतस्थळ २००९ पासून आहे. जमिनीचा वापर, पडीक जमीन, पाणलोट यांचे तयार नकाशे तिथे आहेत आणि तालुका-गावांच्या सीमा आपल्याकडच्या सोयीच्या आहेत. मी दोन्ही वापरतो. रोजचं पाणी पाहायला कोपर्निकस, आणि 'ही जमीन कोणत्या वर्गात धरलीय' हे पाहायला भुवन.

तिसरी पायरी : तारीख निवडा, ढग टाळा

डाव्या बाजूला सेंटिनेल-२ निवडा आणि त्यात 'एल२ए' हा प्रकार घ्या. हवेतली धूळ आणि बाष्प यांचा परिणाम गणिताने काढून टाकलेली ही चित्रं असतात. दुसरा 'एल१सी' प्रकार कच्चा, तो दोन तारखांच्या तुलनेला बरा नाही.

आता दिनदर्शिका उघडा. चित्रं असलेल्या तारखा वेगळ्या दिसतात. सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह जवळपास ७८६ किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि दोघे मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात. आपल्याकडे त्यांची वेळ सकाळी अकराच्या मागेपुढे असते. ही वेळ लक्षात ठेवा. सह्याद्रीच्या बाजूचं गाव असेल तर डिसेंबर-जानेवारीत याच वेळी कड्याच्या वायव्येला लांब सावली पडलेली असते, आणि ती सावली चित्रात तलावासारखी काळी दिसते. भोरकडच्या एका डोंगरात मी असाच एक 'तलाव' शोधून काढला होता. मेच्या चित्रात तो आटला नाही, साफ नाहीसाच झाला.

ढगांचं प्रमाण निवडायची सरकपट्टी २० टक्क्यांवर ठेवा. हे प्रमाण पूर्ण चित्राचं असतं, तुमच्या गावाचं नव्हे. १५ टक्के ढग नेमके तुमच्याच तलावावर असू शकतात. ढगाची सावलीही त्याच्यापासून थोडी बाजूला काळा डाग टाकते. पांढरा डाग आणि त्याच आकाराचा काळा डाग एकाच दिशेला सरकलेला दिसला, की समजायचं ढग आहे.

उजनीसाठी मे २०२४ मधली एक आणि डिसेंबर २०२४ मधली एक अशा दोन निरभ्र तारखा वहीत टिपा. एखाद्या तारखेला चित्राची कड धरणाच्या मध्येच आली तर पुढची तारीख घ्या.

चौथी पायरी : डोळ्यांना न दिसणारा रंग

पहिलं चित्र 'ट्रू कलर'मध्ये पाहा, म्हणजे विमानाच्या खिडकीतून दिसावं तसं. इथेच अनेकांची निराशा होते. उन्हाळ्यातलं सोलापूर-इंदापूर वरून तपकिरी, करडं दिसतं. ओली काळी जमीन आणि खोल पाणी यांत फरक कळत नाही.

मग 'फॉल्स कलर' निवडा. आता सगळं शिवार लालभडक होईल, घाबरू नका. पानातलं हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेतं, पण पानाची आतली रचना जवळचा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकते. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, उपग्रहाला दिसतो. या चित्रात त्या अवरक्त प्रकाशाला लाल रंग दिलेला असतो. म्हणून जितकं पीक तजेलदार तितका लाल गडद. पाणी मात्र अवरक्त प्रकाश गिळून टाकतं, त्यामुळे ते काळं किंवा गडद निळं दिसतं. लालाच्या शेजारी काळं, म्हणजे काठाची रेघ स्वच्छ उमटते.

हेच चित्र एप्रिलमधलं उघडलंत तर आणखी एक गोष्ट हाती लागते, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. सोलापूर भागात रब्बी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात. हुरड्याच्या दिवसांत सगळं शिवार लाल दिसतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते. एप्रिलमध्ये जे लाल उरतं ते पाण्यावरचं : ऊस, केळी, फळबागा, चारा. म्हणजे एप्रिलचं एक चित्र म्हणजे तालुक्यातल्या बागायतीचा उतारा. उजनीच्या दोन्ही काठांनी आणि कालव्यांच्या बाजूने लाल पट्टे कसे धावतात आणि कालव्यापासून लांब गेलं की कसे विरतात, हे एकदा पाहा. पाणी कुणापर्यंत पोहोचतं यावरची अनेक भाषणं त्यापुढे फिकी वाटतात.

पण इथेही पाय घसरतो. द्राक्षबागेची खरड छाटणी एप्रिलमध्येच होते, तेव्हा वेली बोडक्या असतात आणि बाग चित्रात पडीक वाटते. डाळिंबाला ताण दिला असेल तर पानगळ झालेली असते. नुकत्याच तुटलेल्या उसाचा खोडवा विरळ दिसतो. म्हणून 'एप्रिलमध्ये लाल नाही म्हणजे कोरडवाहू' असा शेरा मारायच्या आधी त्याच शेताची डिसेंबर, फेब्रुवारी आणि जूनची चित्रं पाहा. पीक एका फोटोत ओळखता येत नाही, त्याच्या वर्षभराच्या चालीवरून ओळखतात.

पाचवी पायरी : रंगावरून आकड्याकडे

लाल किती लाल, हे डोळ्यांनी सांगणं अवघड. त्यासाठी निर्देशांक असतात. त्यातला जुना आणि खूप वापरला जाणारा म्हणजे एनडीव्हीआय, पिकाचा हिरवेपणा मोजणारा. अवरक्त आकड्यातून तांबड्याचा आकडा वजा करायचा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचं. उपग्रह प्रत्येक रंगाचा प्रकाश वेगळा नोंदवतो, त्या नोंदीला पट्टा म्हणतात. सेंटिनेलच्या पट्ट्यांच्या नावात सांगायचं तर बी८ वजा बी४, भागिले बी८ अधिक बी४. उत्तर उणे १ ते १ च्या मध्ये येतं. पाणी बहुधा शून्याच्या खाली, उघडी जमीन ०.१-०.२ च्या घरात, भरदार पीक ०.६ च्या वर. उसाचा फड दाटला की हा आकडा वर टेकतो आणि मग फारसा हलत नाही, त्यामुळे चांगला ऊस आणि फारच चांगला ऊस यांतला फरक त्यावरून काढायला जाऊ नका.

पाण्यासाठी एनडीडब्ल्यूआय. हिरवा पट्टा वजा अवरक्त, भागिले दोघांची बेरीज. शून्याच्या वर आलं की पाणी, असा ढोबळ नियम. या नावाची एक गंमत आहे. १९९६ मध्ये दोन वेगवेगळ्या संशोधकांनी दोन वेगवेगळ्या सूत्रांना हेच नाव दिलं. एक सूत्र उघडं पाणी दाखवतं, दुसरं पानातला ओलावा. कुणी एनडीडब्ल्यूआयचा नकाशा दाखवला तर पहिला प्रश्न विचारायचा : कुठल्या पट्ट्यांतून काढलाय? कोपर्निकसमध्ये त्या नावाचा थर उघड्या पाण्याचा आहे, ओलाव्यासाठी तिथे वेगळा 'मॉइश्चर इंडेक्स' आहे. ओलाव्याच्या सूत्रात लागणारा लघुलहरी अवरक्त पट्टा २० मीटरचा, म्हणजे चार आरचा ठिपका. दोन गुंठ्यांच्या वाफ्यातला ओलावा त्यात शोधण्यात अर्थ नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये भीमेला गढूळ पाणी आलं की शून्याचा नियम लंगडा पडतो. गाळ अवरक्त प्रकाश परत फेकतो आणि पाणी जमिनीसारखं वागायला लागतं. तेव्हा सीमारेषा शून्याच्या थोडी खाली आणून पाहावी लागते. किती खाली, हे फॉल्स कलर शेजारी ठेवून स्वतः ठरवायचं आणि ठरवलेला आकडा वहीत लिहायचा. पुढच्या वेळी तो बदलला तर तुलना वाया जाते.

सहावी पायरी : काठ आखा आणि मोजा

उजव्या बाजूच्या साधनांत क्षेत्र आखायची सोय आहे. मेच्या चित्रावर पाण्याच्या कडेने टिंबं देत फिरा, शेवटी क्षेत्रफळ चौरस किलोमीटरमध्ये मिळेल. १ चौरस किलोमीटर म्हणजे १०० हेक्टर, म्हणजे दहा हजार ठिपके. संपूर्ण उजनी हाताने आखायला बसू नका, फाटे इतके आहेत की संध्याकाळ जाईल. भिगवण-कुंभारगावकडचा एखादा फाटा घ्या. मग डिसेंबरच्या चित्रावर तोच फाटा आखा. दोन चित्रं एकमेकांवर ठेवून मधली पट्टी सरकवून पाहायची सोय 'कंपेअर'मध्ये आहे, तीही वापरा.

फाट्याकडच्या टोकाला फरक खूप मोठा येईल आणि भिंतीजवळ त्या मानाने कमी. तळ उथळ असला की पातळी हातभर उतरली तरी काठ शे-दोनशे मीटर मागे जातो. कडा उभी असली की पातळी कितीही उतरली तरी वरून दिसणारा पसारा फारसा बदलत नाही. म्हणून क्षेत्र निम्मं झालं म्हणजे पाणी निम्मं झालं असं होत नाही. उघड्या पडलेल्या याच चिखलात भिगवणला रोहित पक्षी उतरतात, आणि पाणी फारच खाली गेलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. मंदिर एका ठिपक्यापेक्षा फार मोठं नाही, सेंटिनेलमध्ये ते ओळखता येत नाही. त्यासाठी गूगल अर्थमध्ये घड्याळाच्या खुणेवर टिचकी मारून जुन्या तारखांमधून दुष्काळी उन्हाळा शोधा.

आखताना आणखी एक लक्षात ठेवा. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते. मेच्या चित्रात जुन्या काठाच्या आत हिरवे तुकडे दिसले तर बहुधा ती गाळपेरच. तिला काठ समजून रेघ ओढली तर मोजमाप चुकतं.

सातवी पायरी : धरणाच्या आधीची भीमा

सेंटिनेल-२ ची चित्रं २०१५ पासूनची. त्याआधी जायचं तर लँडसॅट. पहिला लँडसॅट २३ जुलै १९७२ ला उडाला आणि उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं. म्हणजे सत्तरच्या दशकातल्या चित्रात भीमा नुसती नदी म्हणून, बारीक वळणदार रेघेसारखी वाहताना पाहता येते. अमेरिकेच्या भूशास्त्र विभागाच्या 'अर्थएक्सप्लोरर' संकेतस्थळावर हा साठा आहे. २००८ पासून तो सगळ्यांना मोफत आहे, त्याआधी एकेका चित्राला पैसे मोजावे लागत. त्या काळची चित्रं भरड आहेत, घरं-बांध त्यात शोधू नका. नदी आणि जलाशय यांतला फरक मात्र लख्ख दिसतो.

लँडसॅट-७ ची २००३ नंतरची चित्रं घेतलीत तर त्यावर तिरप्या काळ्या रेघा दिसतील. तुमचा संगणक बिघडलेला नाही. ३१ मे २००३ ला त्या उपग्रहाचा एक भाग निकामी झाला आणि पुढची सगळी चित्रं तशीच आली. त्या काळासाठी लँडसॅट-५ घ्या, तो १९८४ मध्ये उडाला आणि ठरलेल्या आयुष्याच्या कितीतरी पुढे काम करत राहिला.

बुडालेल्या गावांची नावं मात्र कुठल्याच उपग्रहाला ठाऊक नसतात. त्यासाठी भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट, म्हणजे गावं, नद्या, डोंगर दाखवणारे तपशीलवार नकाशे लागतात. हा विभाग १७६७ चा. आपल्याकडे आज जास्त चालतो तो १:५०,००० चा नकाशा, त्यात कागदावरचे दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. धरणापूर्वीचा नकाशा एखाद्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागात मिळाला तर त्यावर वाड्यावस्त्या, देवळं, नदीतले उतार नावानिशी सापडतात. माझ्या आजोळची मंडळी करमाळ्याकडची. गाव उठलं तेव्हाच्या गोष्टी लहानपणी पुष्कळ ऐकल्या होत्या, पण आजीच्या बोलण्यातला 'वरचा उतार' नकाशावर बोट ठेवून दाखवता आला तो टोपोशीटमुळे. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिकलात तर जुना नकाशा आजच्या चित्रावर चपखल बसवता येतो. त्याला दोन संध्याकाळी पुरणार नाहीत, आठवडा धरा.

पावसाळ्यात काय करायचं

जून ते सप्टेंबर ढगांमुळे सेंटिनेल-२ जवळपास आंधळा. तेव्हा सेंटिनेल-१ उघडा. तो रडारच्या लहरी खाली सोडतो आणि परत आलेल्या मोजतो, त्यामुळे ढग आणि रात्र यांचं त्याला वावडं नाही. संथ पाणी आरशासारखं लहरी पलीकडे फेकतं, उपग्रहाकडे काही परत येत नाही, म्हणून पाणी काळं. ऑगस्ट २०१९ ला कोल्हापूर-सांगलीत महापूर आला तेव्हाची चित्रं काढून पाहा. जुलैच्या चित्रात पंचगंगा आणि कृष्णा बारीक काळ्या दोऱ्यांसारख्या, आणि पुराच्या चित्रात त्यांच्या दोन्ही बाजूंना शाई सांडल्यासारखी.

यातही दोन खोड्या आहेत. वारा सुटून पाण्यावर लाटा आल्या की पाणी उजळ दिसतं. आणि या रडारची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास, ती उंच उसाच्या पानांतच अडकते. पुराचं पाणी उसात शिरलेलं असलं तरी वरून ते कोरडं शेत भासू शकतं. कोल्हापूरसारख्या उसाच्या मुलखात रडारवरून काढलेलं पूरक्षेत्र प्रत्यक्षाहून कमी येण्याचा धोका असतो तो यामुळे. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्यावरून उडालेल्या इस्रो आणि नासाच्या निसार उपग्रहावर २४ सेंटिमीटर लांब लहरीचं रडार आहे. लांब लहर पानांच्या आत जास्त खोल जाते, तेव्हा पुढच्या पुरात तिची चित्रं पाहण्याजोगी असतील.

दोन कामं या चित्रांकडून करून घेऊ नका

एक, बांधाचं भांडण. गूगलच्या चित्रावर गटनकाशा ठेवून 'तुझा बांध चार फूट आत आलाय' असं म्हणणारे आता गावोगाव झालेत. चित्रच काही मीटर सरकलेलं असू शकतं, मोबाइलचं जीपीएस उघड्या रानातही तीन-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि जुना गटनकाशा वेगळ्याच पद्धतीने काढलेला. बांध ठरवायचा तर भूमी अभिलेख खात्याची मोजणीच.

दोन, विहिरीचं पाणी. ते या चित्रांत दिसत नाही. गुरुत्वाकर्षणातले बारीक फरक टिपून भूजलाचा अंदाज देणारे ग्रेस नावाचे उपग्रह २००२ मध्ये सोडले गेले, पण त्यांचा 'ठिपका' शेकडो किलोमीटरचा. त्यात अख्खा सोलापूर जिल्हा हरवतो. आपल्या भागासाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींचे आकडेच खरे कामाचे.

आठवी पायरी : काठावर जा

ही पायरी गाळणारे फार. चित्रातल्या पाच-सहा जागा निवडा : एक खात्रीचं पाणी, एक खात्रीचा ऊस, एक उघडी जमीन, आणि दोन-तीन अशा, जिथे तुम्हाला शंका आहे. त्यांचे अक्षांश-रेखांश वहीत लिहा. जमल्यास उपग्रह जाण्याच्या दिवशीच जा. तिथे उभं राहून चारही दिशांना फोटो काढा, तारीख आणि वेळ टिपा, आणि समोर काय आहे ते साध्या मराठीत लिहा : 'ऊस, कमरेएवढा, ठिबक'. फाइलला नाव देताना तारीख आधी आणि गाव नंतर, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. सहा महिन्यांनी शोधताना स्वतःलाच दुवा द्याल.

माझ्या शंकेच्या जागांपैकी एक इंदापूरच्या बाजूला होती. फेब्रुवारीच्या चित्रात काठाला लागून एनडीव्हीआय ०.७, फॉल्स कलरमध्ये लालबुंद, चांगले आठ-दहा हेक्टर. वहीत लिहिलं, 'ऊस, भरदार'. मग गेलो. मोटरसायकल लावून काठापर्यंत चालत गेलो तर उसाचं कांडकंही नाही. समोर पाण्यावर जलपर्णीचा हिरवागार गालिचा, जांभळ्या फुलांसकट. पान ते पानच, उपग्रहाला ऊस काय आणि जलपर्णी काय. म्हणजे ऊस चुकला तो चुकलाच, शिवाय तेवढं पाणीही माझ्या मोजणीतून गळालं होतं, कारण एनडीडब्ल्यूआयने त्या सगळ्या जागेला जमीन ठरवलं होतं.

जवळच एक मच्छीमार काका जाळं सोडवत बसले होते. त्यांना मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी ते दोन बोटांनी मोठं केलं, नीट पाहिलं आणि म्हणाले, "हे जुनं हाय. आता एवढी ह्या अंगाला नाही. पश्चिमेचा वारा सुटला की ही सगळी त्या काठाला जाती."

घरी येऊन त्या तारखेनंतरची तीन चित्रं ओळीने लावली, पाच-पाच दिवसांच्या अंतराने. लाल ठिगळ पहिल्या चित्रात इंदापूरच्या काठाला होतं, दुसऱ्यात त्याचे तुकडे पाण्याच्या मधोमध विखुरलेले, आणि तिसऱ्यात ते पलीकडे करमाळ्याच्या बाजूला जाऊन टेकलेलं. वहीतली 'ऊस, भरदार' ही ओळ मी खोडली नाही. तिच्यापुढे फक्त लिहिलं, 'सरकतो'.